धक्के काढून मिळतील

डोंगरउतारावर सायकल सोडायला वाघाचं काळीज लागतं आणि ते माझ्याकडे आहे, हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो! वय बेचाळीस, पोट जरासं पुढे, नोकरी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी लिहून घेण्याची. पण रविवारी सकाळी हेल्मेटवर कॅमेरा चढवला की मी वेगळाच माणूस असतो!

माझा पहिला व्हिडिओ पाहून घरचे गारच पडले. झाडं, दगड, आकाश आणि माझं पुढचं चाक, सगळं कुणीतरी रवीनं घुसळत असावं तसं पडद्यावर फिरत होतं. सोबत वाऱ्याचा घोंघाट!

"बाबा, तू विमानासारखा सुटलायस!" आमची दहा वर्षांची कन्या ओरडली.

"संपलं का हो?" बायकोनं डोळे मिटून विचारलं. "मला मळमळतंय."

कन्येनं दुसऱ्याच दिवशी शाळेत जाहीर केलं, की आमचे बाबा डोंगरावरून उडतात. तिच्या वर्गात दर शुक्रवारी एक पालक येऊन आपलं काम नाहीतर छंद दाखवायचा. बाईंनी व्हिडिओ मागवून घेतला, स्वतः पाहिला आणि मला फोन केला.

"थरारक आहे हो," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "पण दीड मिनिटात मी भिंत धरली. वर्गात पस्तीस मुलं आहेत आणि फरशी पुसायला एकच मावशी. न हलणारा असेल तर द्या. नाहीतर दातांचे डॉक्टर तयार आहेत. ते कवळी आणणार आहेत."

कन्येचा चेहरा पडला. "बाबा, आपण कवळीकडून हरायचं?"

छे! हरणाऱ्यातला मी नव्हेच. पुढच्या रविवारी कॅमेरा हेल्मेटवरून काढून छातीवर बांधला. पण मला लागलेली धाप अशी जबरदस्त, की सगळा डोंगर लाटेवरच्या होडीसारखा वरखाली! मग सोफ्याच्या गादीतला फोम कापला आणि त्यात कॅमेरा गुंडाळून हँडलला घट्ट बांधला. बारा मिनिटांचा व्हिडिओ आला, अजिबात न हललेला. बाराही मिनिटं फोमच दिसत होता.

"सोफा का बसलाय एका बाजूनं?" बायकोनं विचारलं. मी तडक मेहुणीकडे निघालो.

मेहुणी जाहिरातींचे व्हिडिओ जोडायचं काम करते. तिनं माझा पहिला व्हिडिओ लावला आणि हसू दाबलं. "भावजी, कॅमेऱ्याला गाद्या कशाला बांधता? हे कॉम्प्युटर करतो. चित्र जेवढं हललं असेल तेवढं उलट सरकवायचं, कडा थोड्या कापायच्या, झालं स्थिर."

"सगळे धक्के काढ! एकसुद्धा ठेवू नकोस!"

"सगळे?" तिनं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "विचार करा हं."

"विचार झालाय!"

शुक्रवारी सकाळी तिचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, 'वाऱ्याचा आवाजही काढलाय. माझ्याकडून भेट!' मी तो उघडणार, तेवढ्यात तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुणाची तरी सासू अडकल्याचा फोन आला. ती सुटेपर्यंत शाळेची वेळ झाली. मी तसाच धावलो.

वर्गातल्या बुटक्या खुर्चीत मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. बाईंनी दिवे मालवले. व्हिडिओ सुरू झाला आणि काय सांगू! आरशासारखा स्वच्छ, स्थिर! वाटेवरचं पान न् पान मोजता येत होतं. मुलांनी खरंच मोजायला सुरुवात केली.

"काका, सुरू कधी होणार?" मागून एकानं विचारलं.

"झालंय," मी म्हणालो.

ब्रेकचा लांबलचक कर्रर्र आवाज आला. आता वारा नव्हता, त्यामुळे त्यामागचा माझा आवाजही वर्गभर घुमला. "आई गं... आई आई गं... हळू रे बाळा, हळू..."

"काका, बाळ कोण?"

"सायकल."

तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कडेनं एक आजी आली. डोक्यावर गवताचा भारा, हातात काठी. थोडा वेळ ती माझ्या शेजारून चालली. मग तिनं माझ्याकडे बारकाईनं पाहिलं, मान हलवली आणि पुढे निघून गेली.

"आजी! आजी! आजी!" पस्तीस मुलं बाकांवर उभी राहिली. वळणावर आजी दिसेनाशी झाली, तेव्हा तर टाळ्यांचा कडकडाट! पडद्यावरचा मी मात्र अजून त्याच पानांवरून चाललो होतो.

माझी नजर कन्येकडे गेली. तिनं तोंड ओंजळीत घातलं होतं आणि खांदे गदगदत होते. मी वाकून कुजबुजलो, "रडू नकोस गं, मी सांगतो सगळ्यांना..."

तिनं तोंड वर केलं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाबा, ती परत येते का रे पुढे?"

बाईंनी दिवे लावले. "मुलांना फारच आवडलं! पुढच्या शुक्रवारी त्या आजींना आणता येईल?"

रविवारी सायकल घरी ठेवून आम्ही दोघं बापलेक डोंगर चढलो. आजी गोठ्यापुढे गवत पसरत होती. मी सगळी हकीकत सांगून शाळेचं आमंत्रण दिलं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"म्हणजे ते तुम्ही होय! मला वाटलं, कुणीतरी चक्कर येऊन सायकलवर पडलंय. खाली जाऊन मी दोन माणसं पाठवली उचलून आणायला. पण त्यांना कुणी सापडलं नाही बाई!"

कन्येनं माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ती दोन माणसं मला भेटली होती. 'वाटेत कुणी पडलेलं दिसलं का?' म्हणून त्यांनी मलाच विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "नाही बुवा, मी इतक्या वेगात होतो, की लक्षच गेलं नाही!"