सुपडूनाना उशीर मोजतात

सुपडूनानांना तुम्ही काहीही विचारा, ते उत्तर देतील. त्यांनी तुम्हाला काही विचारलं तर मात्र जरा सांभाळा. ते तुमचं उत्तर ऐकत नाहीत. उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतात. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जातो. तुम्ही "मजेत" म्हणेपर्यंत तुम्ही मजेत नाही हे त्यांना कळलेलं असतं.

"आज तुले उशीर लागना," एवढंच म्हणतात आणि हातातल्या पाना-पकडीकडे वळतात.

त्यांच्या भाचीला चाळीसगावचा मुलगा पाहायला आला होता. नानांनी त्याला विचारलं, सिगारेट ओढता का? मुलगा "नाही" म्हणाला. सगळे खूश. नाना बाहेर येऊन मला म्हणाले, "पोरगा गुनी शे. पन 'नाही' बोलाले दोन पेरं लागनात." महिन्याभराने तो गुणी मुलगा चाळीसगाव स्टेशनबाहेरच्या टपरीवर धूर सोडताना सापडला.

ही खोड त्यांना धंद्यातून लागली. मेहरूणमध्ये तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे, आणि समोर माझं स्पेअर पार्टचं दुकान. रावेर-सावद्याची केळीवाली पोरं गाड्या जास्त पळाव्यात म्हणून नानांकडे मोठे इंजेक्टर बसवून घेतात. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी तोटी. तोटी मोठी झाली की पेट्रोल जास्त पडतं, गाडी काळा धूर ओकते. मग नाना लॅपटॉप लावून गाडीच्या कॉम्प्युटरला नवी मापं शिकवतात.

"बठ्ठा मेकॅनिक तोटीचं तोंड मोजतस," ते म्हणतात. "उशीर कोनी मोजत नही. कॉम्प्युटर हाक मारस, 'उघड'. तोटी लगेच ओ देत नही. मधमा टाइम लागस. बॅटरी थकेल ऱ्हायनी ते आखो जास्ती."

हा मधला वेळ सेकंदाचा हजारावा हिस्सा असतो. नाना त्यासाठी तीन-तीन दिवस घालवतात. दिवे लावून, एसी लावून, बॅटरी उतरवून, पुन्हा चढवून.

या माणसाला पुरून उरली ती फक्त कमलअक्का, त्यांची बायको. घर गॅरेजच्या मागेच. दुपारी जेवायला जाताना नाना दारातून हाक मारत, "कमल!" अक्का चुलीपाशी उभी असली तरी मुद्दाम गप्प राहायची. नानांचा अंगठा चारही बोटं फिरून करंगळीच्या टोकाला टेकला की आतून यायचं, "ओऽ! मोजा आता!" आणि तिचं हसणं रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात ऐकू यायचं.

अक्का जाऊन चार वर्षं झाली. हाक चालू आहे.

दुपारी बरोबर एक वाजता गॅरेजमधल्या पोरांची ठोकठोक थांबते. नाना घराच्या उंबऱ्याशी उभे राहतात आणि हाक मारतात, "कमल!" अंगठा फिरू लागतो. ऊन इतकं असतं की रस्ता हलताना दिसतो. कुत्रीसुद्धा गप्प असतात. करंगळीपर्यंत पोचल्यावर नाना मान हलवतात आणि आत जातात. मला काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण ती मान 'आलं उत्तर' असं सांगणाऱ्या माणसाची असते, आणि त्या वेळी मी दुकानात पाठ फिरवून उभा राहतो.

त्याचं कारण आता सांगितलं पाहिजे.

अक्काचं माहेर एरंडोलचं. पद्मालयाच्या गणपतीला जाताना चढावर गाडी धापा टाकते म्हणून ती नानांना चिडवायची. "लोकांच्या गाड्या उडवता, आपली म्हैस तशीच." शेवटी नानांनी आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीला टर्बो बसवला आणि माझ्याकडून चार मोठे इंजेक्टर घेतले. इंजेक्टर जुळवलेल्या सेटमध्येच घ्यावे लागतात. चौघांचा उशीर सारखा हवा. तो सेट मी आदल्याच आठवड्यात फोडला होता. धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाला एकच हवा होता. रिकाम्या जागी मी दुसऱ्या सेटमधला ठेवला. दिसायला हुबेहूब.

"चारी एकच घरना शेतस ना रे, दिलीप?" नानांनी विचारलं.

"हो, नाना."

अंगठा हलला होता. मी पाहिलं होतं.

पंधरा दिवसांनी ते अक्काला घेऊन पद्मालयाला गेले. परतताना एरंडोलच्या अलीकडे अक्काच्या छातीत कळ आली. गाडी रस्त्यात बंद पडली, असं गल्लीत सांगतात. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून नाना रोज दुकानाच्या पायरीशी येतात, चहाचा ग्लास ठेवतात आणि विचारतात, "चारी एकच घरना शेतस ना रे?" गल्लीला वाटतं म्हाताऱ्याची गंमत आहे. मी रोज "हो" म्हणतो, आणि रोज अंगठा एक पेर पुढे जातो.

या मे महिन्यात मात्र त्यांनी दुपारी उंबऱ्याशी जाणं सोडलं. एक वाजता ते पांढऱ्या गाडीत बसू लागले. काचा बंद. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला. मांडीवर लॅपटॉप. तासाभराने घामाने निथळत बाहेर येत. "मेळ बसत नही रे, भाऊ."

मेळ कुठे बसत नव्हता ते मला माहीत होतं. माझा तो चौथा इंजेक्टर या माणसाला उन्हात भाजून मारणार, असं वाटून, परवा नाना एकच्या आधीच गाडीत जाऊन बसले तेव्हा मी रस्ता ओलांडला आणि काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"नाना, चारी एका घरचे नव्हते. मी सेट फोडला होता. तुमची गाडी माझ्यामुळे बंद पडली."

नानांनी अंगठ्याकडे पाहिलं. "चार वरीस," ते म्हणाले. "लई उशीर शे तुना."

मग त्यांनी समोरचा कप्पा उघडला आणि चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. इंजेक्टर होता. माझाच.

"पहिलाच दिवशी काढी टाका व्हता. काचनी नळीमा मोजा, तवयच समजनं. दुसरा बसाडा. मले मालूम व्हतं, दिलीप. तू कवय सांगस, ते मोजी राह्यंतू."

"मग गाडी...?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. अक्का गेली त्या दिवसाची नोंद होती. इंजिनाची रेघ सरळ, एकसारखी, कुठे थरथर नाही. मग एकदम तळाला. पण चावी चालूच राहिलेली, त्यामुळे बॅटरीची रेघ पुढे जात होती. हळूहळू, अगदी हळूहळू खाली उतरत. चाळीस मिनिटं.

"गाडी बंद नही पडनी. मी बंद करी. ती गप बठनी. मी हाक मारी. इंजिनना आवाजमा ओ ऐकू येवाव नही, म्हनीसन इंजिन बंद करं." नाना रिकाम्या सीटकडे पाहत होते. "ती नेहमी उशीर लावे ना रे. मले वाटनं, टाइम लागी राह्यना."

मी इंजेक्टर पुन्हा चिंधीत गुंडाळला.

"डॉक्टरले ईचारं, लवकर आनतू ते वाचती का? 'नाही' बोलना." अंगठा तर्जनीवरून मधल्या बोटावर, तिथून करंगळीवर गेला. "पन लई टाइम लागना त्याले."

रस्त्यावर ऊन हलत होतं. नानांनी हात लांबवून शेजारचा पट्टा सोडला. चार वर्षांत त्या सीटवर कोणाला बसू दिलेलं नव्हतं.

"दिलीप."

"ओ, नाना."

"आज बराबर शे. बस."

मी बसलो. त्यांनी चावी फिरवली. इंजिन नाही, फक्त बॅटरी. पडद्यावर रेघ उमटली. एक वाजला होता. गॅरेजमधली ठोकठोक थांबली.

"कमल!" नानांनी हाक मारली.

त्यांचा अंगठा पहिल्या पेरावर गेला. थोड्या वेळाने मी खाली पाहिलं, तर माझाही.