वर्दळवाले दामूअण्णा

आमचे शेजारी दामूअण्णा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. ते पायांकडे बघत. तुम्ही "काय अण्णा, बरं आहे ना?" म्हणालात की छत्रीचं टोक तुमच्या चपलांकडे वळवून ते विचारणार, "कुठल्या रस्त्याने आलात?" मोटारस्टँडकडून म्हणालात की खूश. "बघा! वर्दळ तिकडेच."

अण्णांचा जन्म जकातनाक्यावर कारकुनी करण्यात गेला. गावात काय येतं नि काय जातं हे बघता बघता त्यांना एकच वेड लागलं, की पेठ कुणीकडे सरकतेय? पेन्शनीत निघाल्यावर तर रानच मोकळं. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, आवरणार कोण? भर दुपारी रस्त्यात कुत्रं आडवं पसरलेलं दिसलं, की "इथे दुकान टाकू नका हो" म्हणून जागामालकाच्या घरी जाऊन सांगायचे. मालक जेवायला बसलेला असला तरी सांगायचे.

मला मुलगी बघायला आम्ही म्हसळ्याला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून अण्णांना बरोबर नेलं. पोहे आले, मुलगी आली. अण्णा तिला एक अक्षर विचारतील तर शपथ! उठून ओट्यावर गेले, रस्ता न्याहाळला आणि आत येऊन तिच्या बापाला म्हणाले, "जागा झकास आहे. पुढची पडवी तोडा आणि गाळा काढा." तरी लग्न जमलं, हे माझं नशीब. बायको अजून मला ती पडवी ऐकवते.

स्वातंत्र्य आलं आणि मागोमाग आमच्याकडे खडीची सडक आली. गावाबाहेर, भाताच्या खाचरांत मोटारस्टँड होणार असं कळलं. तोवर सगळी पेठ बंदररस्त्याला होती. लाँच लागली की माणसं तिथे उतरणार, तिथेच चहा, तिथेच कापड, तिथेच किराणा. अण्णा गावभर सांगत सुटले, "मीठ आता लॉरीतून जाणार. मासळी बर्फात घालून लॉरीतून जाणार. कचेरी, हायस्कूल, सगळं सडकेला येणार. बंदर सोडा, खाचरं धरा!"

"खाचरात गिऱ्हाईक कोण अण्णा, बेडकं?" असं म्हणून लोक खो खो हसले. पण झालं अगदी तसंच. आधी वखारवाला गेला, मग कापडवाला शेट, मग एकेक करून सगळेच. अण्णांनी स्वतःही स्टँडच्या नाक्यावर एक गाळा बांधला. जागा अशी मोक्याची, की मोटारीतून उतरणाऱ्याचं पहिलं पाऊल त्याच्याच पायरीवर पडावं. आणि बांधून झाल्यावर त्याला ठोकलं काय, तर कुलूप!

बरं, मागच्या भिंतीला खाडीकडे तोंड करून एक ऐसपैस खिडकी. दुकानाला मागून खिडकी कुणी ठेवतं? चोरांची सोय, दुसरं काय!

शेट विनवून थकला. "दामूभाई, गाळो आपी दो ने!" अण्णा म्हणाले, "तुम्ही गादी घालणार, माणूस टेकून बसणार. मला वाहती जागा हवी." मी शिंपी माणूस, घरच्या ओट्यावर मशीन चालवून कंटाळलेलो. शेजारधर्म म्हणून तरी देतील म्हणून गेलो, तर मला म्हणतात, "मास्तर, तुमच्याकडे माणूस एकदा माप द्यायला येतो आणि नंतर शिव्या द्यायला. ही खरी वर्दळ नव्हे." असा चिडलो म्हणता! कित्येक दिवस बोलणं टाकलं.

एका सकाळी मी दात घासतोय, तर अण्णा दारात. "मास्तर, चला. बंदरावर वर्दळ बघून येऊ." राग होताच, पण म्हातारा माणूस, गेलो. बंदररस्त्याला दोन्हीकडे दुकानांना फळ्या लावलेल्या आणि मधे कुत्री झोपलेली. मी म्हटलं, "ही तुमची वर्दळ?" अण्णा छत्री टेकत पुढे चालले. धक्क्याजवळ एकच दुकान उघडं होतं, अंबूबाईचं. थळची कोळीण, नवऱ्यामागे चहा-भजी विकून राहिलेली. लाँच आता आली तर आली.

"चहा घ्या मास्तर. पैसे मात्र तुम्ही द्या," अण्णा म्हणाले. वा रे वा! बोलावणार हे आणि खिशात हात माझा! मी नाणं दिलं. अंबूबाईने ते चुलीला लावलं, कपाळाला लावलं, मग फडक्यातली भाकरी सोडून अशी खायला बसली की मी बघतच राहिलो. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय ही बाई तोंडात पाणी घेत नसे.

परतताना मी विचारलं, "मग तुम्हीच का नाही घेत रोज चहा?"

"घेतो की. पण माझी भवानी ती धरत नाही. घरच्या माणसाची चालत नाही म्हणते." हे अण्णा स्वतःच्या पायांकडे बघत बोलले. "आमची ही गेली तेव्हा अंबूबाईनेच मला जेवू घातलं, मास्तर. आणि तिचा रस्ता ओसाड कुणी केला? मी. गाळा तिच्यासाठीच बांधलाय. पाणी दिसल्याशिवाय बसणार नाही म्हणाली, म्हणून खिडकी ठेवली."

"मग?"

"मागे शेटचं गोदाम उभं राहिलं. खिडकीतून भिंत दिसते." छत्रीच्या टोकाने खडा ढकलत म्हणाले, "ती जागाही त्याला मीच सुचवली होती."

हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवसापासून मी आपणहून अण्णांबरोबर जाऊ लागलो. चहा चांगला असायचा, भजी त्याहून चांगली. एक दिवस मी नाणं पुढे केलं, तर अंबूबाईने माझा हात मागे सारला. "ऱ्हाऊ द्या मास्तर. तुमची बी आता धरत न्हाय. घरचंच झालाव तुमी."

मी आपला अभिमानाने फुगलो. अण्णांचा चेहरा मात्र पडला. आता परका आणायचा कुठून? ऊन वर आलं. लाँचचा पत्ता नाही. भाकरी फडक्यात तशीच. अंबूबाई पदराने वारा घेत धक्क्याकडे बघत बसलेली. शेवटी अण्णांनी खिशातून नाणं काढलं आणि फळीवर ठेवलं.

"अंबूबाई, आजच्या दिवस मला परका धर."

तिने नाण्याकडे बघितलं आणि एका बोटाने ते परत सरकवलं.

"उपाशी ऱ्हाईन अण्णा. पन तुमाला परकं म्हननं न्हाय जमायचं."

छत्री तिथेच विसरून अण्णा उन्हात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. उपरण्याने डोळे पुसत होते, लपवतही नव्हते. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच मान वर करून लांब बघताना पाहिलं. मग मीही उठलो आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, कुणी अनोळखी माणूस येतो का ते बघत.