संकटातले दहा नंबर

नवा फोन नीट वापरायला शिकायचा, असं मी एका शुक्रवारी ठरवलं. तो शुक्रवार नुसता झोपून काढला असता तरी चाललं असतं.

मी वाल्मिक. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये डिस्पॅचचा क्लार्क. राहायला गोडादऱ्यात, मूळ गाव अमळनेरकडचं. माझा बटणांचा फोन मिलमध्ये रंगाच्या टाकीत पडला (वर काढला तेव्हा पोपटी झाला होता), म्हणून माझ्या लेकीनं, नूतननं, मला मोठा फोन आणून दिला. वर तिच्या अर्ध्या गुजरातीत बजावलं, "पप्पा, फक्त फोन उचला. सेटिंगमां हाथ नहीं नाखवानो."

पण रविवारी सकाळी दहाला भेस्तानचे विठ्ठलराव त्यांच्या लोकेशसाठी नूतनला बघायला यायचे होते. नूतनला सत्ताविसावं लागलेलं. हे स्थळ हातचं जाता कामा नये म्हणून मी आणि बायको सरला पंधरा दिवस हळू आवाजात बोलत होतो. विठ्ठलरावांचा फोन आला आणि मला उचलताच आला नाही तर? नेमका तेव्हाच मिलच्या ग्रुपवर एक मेसेज आला: 'नव्या फोनवाल्यांसाठी पंधरा उपयुक्त सेटिंग'. मी पंधराच्या पंधरा केल्या. सरलाच्या फोनमध्येही केल्या. (ती नको म्हणत होती. मी तिला अडाणी म्हणालो. तो शब्द मी आता मागे घेतो.)

पहिली सेटिंग, बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीनचा उजेड कमी करा. इतका कमी केला की फोन चालू आहे की बंद, हे कानाला लावून बघावं लागे. दुसरी, नको त्यांचे फोन वाजू देऊ नका, महत्त्वाची नावं तेवढी निवडा. मी एकच नाव निवडलं: विठ्ठलराव. पंधरावी मात्र अवघड होती. संकटात बाजूचं बटण पाच वेळा दाबलं, की तुम्ही निवडलेल्या माणसांना तुमचा ठावठिकाणा आपोआप जातो. दहा नंबर टाकायची सोय होती.

शहाण्या माणसानं बायकोचा आणि मुलीचा टाकला असता. पण मी खानदेशी माणूस. लोटूभाऊचा टाकला आणि धुडकूकाकांचा नाही, तर उद्या लग्नात धुडकूकाका मानाची टोपी घेणार नाहीत. सुंदराआक्काला वगळलं, तर ती मांडवात येऊन रुसून बसेल. मानपान सांभाळत सांभाळत दहा भाऊबंद झाले. बायकोला जागाच उरली नाही.

शनिवारी दुपारी पाहुण्यांसाठी खमण सांगायला फरसाणवाल्याकडे गेलो. दुकान एका दवाखान्याच्या फाटकाला लागून आहे. किती माणसं येणार, ते फोनमध्ये बघायला गेलो तर उन्हात स्क्रीन काळीठिक्कर. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चिडून आणखी चार वेळा दाबलं. मग अंदाजानं दोन किलो सांगून घरी आलो. दोघांचेही फोन संध्याकाळभर गप्प होते. मी सरलाला म्हणालो, "बघ, याला म्हणतात सेटिंग!"

रविवारी दहाला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी दोन जीपा थांबल्या आणि बायकांचा आक्रोश सुरू झाला. "मना भाऊ वं मायऽऽ! सोडी गया वं मायऽऽ!" मी नवा शर्ट घालून बाहेर आलो. बघतो तर सगळे आपलेच भाऊबंद! डोक्याला पांढऱ्या टोप्या, हातात भाकरीचे डबे. (मौतीच्या घरी चूल पेटत नाही.) गावाकडे कुणीतरी गेलं आणि ही मंडळी सांगायला आली, असं मला वाटलं. दाराशी धुडकूकाका उपरण्यात तोंड खुपसून बसले होते. मी शेजारी टेकलो.

"काका, कोन गया?"

"आपला वाल्मिक," काका उपरण्यातूनच म्हणाले.

"आरे देवा! कव्हय?" मी कपाळाला हात लावला. (धुडकूकाका पंचवीस वर्षं पोलीस पाटील होते. त्यांची बातमी आजवर खोटी निघालेली नाही.)

तेवढ्यात सुंदराआक्कानं मला पाहिलं. आक्रोश मधेच थांबला, आणि तिनं खरी किंकाळी फोडली.

उलगडा नूतननं केला. माझा फोन हातात घेऊन ती खालीच बसली. "पप्पा, शुं कर्युं तमे? दस जणने एसओएस गयो छे!" झालं असं, की 'मी संकटात आहे' हा निरोप आणि दवाखान्याचा पत्ता गावभर गेला. मला एकशे चौदा फोन आले, सरलाला नव्वद. एकही वाजला नाही, आणि दोघंही उचलत नाहीत म्हणजे मी गेलोच, असं गावात रात्रीच ठरलं. नूतनचा नंबर गावात कुणाकडे नाही. लग्नाच्या पोरीचा नंबर आम्ही वाटत नाही. पहाटे निघून मंडळी दवाखान्यात पोचली. वॉचमन म्हणाला, या नावाचा पेशंटच नाही. म्हणजे प्रेत घरी नेलं, असं सगळ्यांनी धरलं.

"जित्ता शे ते फोन का बरं उचलत नही?" लोटूभाऊ कडाडला. "पाच तास गाडीमा बठीसन उनूत आम्ही!" मी जिवंत असल्याचा त्याला इतका राग आलेला होता की मी चक्क माफी मागितली.

आणि मग मला ते दिसले. विठ्ठलराव, त्यांची बायको आणि लोकेश केव्हाचे दाराबाहेर चपला काढून मान खाली घालून बसले होते. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी पाठीमागे लपवला होता. संपलं, मी मनात म्हटलं. पोरीच्या आयुष्याचं मी माझ्या हातानं, एका बटणानं, वाटोळं केलं. मला खरोखर रडू आलं, आणि रडायला आलेली बावीस माणसं माझ्याकडे बघत राहिली.

विठ्ठलराव उठले. आता निघतील, असं वाटलं. ते लोटूभाऊला म्हणाले, "एका निरोपावर एवढे भाऊबंद आले? माझ्या थोरल्याच्या साखरपुड्याला आमंत्रणं देऊन सात जण जमले होते." त्यांनी लोकेशकडे बघितलं, लोकेशनं नूतनकडे. नूतन हसली.

मी चहा टाकायला आत गेलो. ट्रे घेऊन बाहेर आलो तर सुपारी फुटली होती, तारीख निघाली होती आणि भाकरीच्या डब्यांशेजारी पेढे वाटणं चाललं होतं.

"अरे, मुलीच्या बापाला विचारायची काही पद्धत?" मी म्हणालो.

"तुले कसाले इचारानं?" लोटूभाऊ म्हणाला. "तू ते कालदिन गया. आम्ही गाडीमाच ठराई टाकं, पोरनं लगन आते आपनच करानं."

मी आशेनं सरलाकडे पाहिलं. ती विहीणबाईंना पेढा भरवत होती.

"हे होते तोवर चार स्थळं आली हो," ती त्यांना सांगत होती, "एक जमलं नाही."