नऊ गाणी आणि पिवळा झेंडा

हार्सोनो दुपारी तीन वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पलंगावर आडवा पडला होता. झोप येत नव्हती आणि उठायचं धाडस होत नव्हतं. चार वाजता अंगणात त्याचा नवा आल्बम पहिल्यांदा लोकांना ऐकवायचा होता.

'बातू कापूर' हा एके काळी अख्ख्या जावा बेटाला नाचवणारा रॉक बँड. आता गायक हार्सोनो सहासष्टचा, बास गिटारवाला सुतेजो चौसष्टचा, आणि ड्रमवाल्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. तरी बहाद्दरांनी एकोणीस वर्षांनी नऊ नवी गाणी केली होती. रेकॉर्ड कंपन्या म्हणाल्या, तीस सेकंदांचा तुकडा पाठवा, बघू. लेक रेत्नो तिसऱ्या गाण्याला मोबाइल चाळायला लागली आणि म्हणाली, "बाबा, छान आहे हं." सपक सूपलाही ती अशीच छान म्हणते. नऊच्या नऊ गाणी ऐकणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"सुतेजो, आज पंधरा माणसांनी सगळी गाणी बसून ऐकली तर ठीक," हार्सोनोने सकाळीच सांगून टाकलं होतं. "नाही तर गिटार माळ्यावर टाकतो आणि पिंजऱ्यात पक्षी पाळतो, बाकीच्या म्हाताऱ्यांसारखा."

"अरे, येतील रे."

"येतील, पण दुसऱ्या गाण्याला उठून जातील. मला ते बघवणार नाही. शेवटचं गाणं संपेपर्यंत मला हाक मारायची नाही."

सुतेजो पहाटेच त्याच्या सोलो गावाहून गाडीने आला होता. जकार्ताला लागूनच असलेल्या देपोकमधलं रेत्नोचं घर गल्लीच्या पार आत, आणि हार्सोनोही तिथे राहायला येऊन जेमतेम महिना झालेला. पाहुणे चुकू नयेत म्हणून गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत झेंडे लावायचं सुतेजोने ठरवलं. बाजारात लाल कापड स्वस्त होतं. पण लाल कसं लावणार? सोलोत लाल झेंडा लागला की त्या घरात कुणीतरी गेलं असं समजतात. सुतेजो काही इतका खुळा नव्हता. आल्बमचं कव्हर पिवळं होतं, म्हणून त्याने शोधून शोधून पिवळंधमक कापड घेतलं. आमच्या जकार्ताच्या बाजूला तेच काम पिवळा झेंडा करतो, हे त्या बापड्याला कुठून ठाऊक असणार? उभ्या आयुष्यात जकार्ता पाहिली ती हॉटेल ते स्टेज.

पहिला झेंडा बांधून अर्धा तास झाला नाही तोच गल्लीचे प्रमुख रोजाली काळी टोपी घालून दारात हजर. मागे दहा-बारा माणसं. बायकांच्या हातात तांदळाच्या पिशव्या, दुखवट्याच्या घरी नेतात तशा.

"रेत्नोचे वडीलच ना?" रोजालींनी हळू आवाजात विचारलं.

"हो, त्यांचंच," सुतेजो म्हणाला. त्याचा ऊर भरून आला. निमंत्रितांपैकी तेरा जणांचे न येण्याचे निरोप फोनवर येऊन पडले होते, आणि इथे अख्खी गल्ली लोटली होती. तीही तांदूळ घेऊन. जकार्तावाल्यांची रीतच न्यारी, असं म्हणून त्याने पिशव्या मांडून ठेवल्या.

"आत आहेत का?"

"आतल्या खोलीत. आडवे आहेत."

"आंघोळ?"

"आत्ताच झाली. पांढरे कपडेही घालून झाले."

"फार लवकर आवरलंत. मग आता थांबायचं कशासाठी? लेकीसाठी?"

"रेत्नो खायचं आणायला गेलीय, ती ट्रॅफिकमध्ये अडकलीय. तिच्यासाठी नाही थांबायचं. आधी सगळ्यांनी बसून नऊ गाणी ऐकायची, अशी त्यांची इच्छा आहे," सुतेजो म्हणाला आणि त्याचे डोळे पाणावले. "फार मनाला लावून घेतलंय हो त्यांनी. एकही गाणं वगळायचं नाही."

रोजालींच्या मागे कुजबुज झाली. असल्या घरी गिटार वाजवायची म्हणजे फारच झालं, असं एक म्हातारी म्हणाली. रोजालींनी तिला डोळ्यांनी दटावलं. "शेवटची इच्छा आहे. बसा सगळे."

गल्लीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, मागोमाग उरलेली गल्लीही आली. चाळीसेक माणसं माना खाली घालून बसली आणि सुतेजोने आल्बम लावला.

आत हार्सोनो एक एक गाणं मोजत होता. दुसरं झालं, तिसरं झालं, पण खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. पाचव्या गाण्याला त्याला राहवेना. स्वयंपाकघराच्या दाराने तो बाहेर आला आणि मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर हळूच टेकला. कुणी ओळखलं नाही. स्पीकरवर टेकवलेल्या पोस्टरमध्ये त्याचे केस कमरेपर्यंत होते आणि आता डोक्यावर एक नव्हता. शेजारी कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला मुनीर चक्क डोळे पुसत होता.

"आवडलं?" हार्सोनोने घाबरत विचारलं.

"चौथं जरा लांबलं," मुनीर कुजबुजला. "पण हे पाचवं काळजाला भिडलं. काय माणूस होता, काका. आपल्याच गल्लीत राहायचा आणि आपल्याला पत्ता नाही. गेल्यावर कळलं."

"कुठे गेला?"

मुनीरने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बोट वर केलं.

हार्सोनोने आधी झेंड्यांकडे पाहिलं, मग तांदळाकडे. पिवळ्या झेंड्याचा इथला अर्थ त्याला महिन्याभरात कळला होता. सरळ उभं राहून सांगायला हवं होतं. पण सहावं गाणं लागलं, आणि ते त्याचं सगळ्यात लाडकं. ते होऊ दे म्हणेस्तोवर सातवं लागलं. आठव्यानंतर मात्र रोजाली उठून चारचौघांना खांदेकरी ठरवायला लागले, तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

"ऐका हो, मीच हार्सोनो," तो उभा राहून म्हणाला. "मी जिवंत आहे."

माना वळल्या. "बसा काका," रोजाली मऊ आवाजात म्हणाले. "जवळचं माणूस गेलं की असं होतं. कुणीतरी यांना पाणी द्या."

"अहो, ते सुतेजोला विचारा."

सुतेजो स्पीकरमागे हुंदके देत होता. चाळीस माणसांनी आठ गाणी ऐकली होती. त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. तेवढ्यात नववं गाणं सुरू झालं. हार्सोनोला एकच पुरावा सुचला. हे गाणं बाहेर कुणी ऐकलेलंच नव्हतं, त्याचे शब्द दुसऱ्या कुणाला येणं शक्य नव्हतं. त्याने छाती भरून घेतली आणि स्पीकरच्या बरोबरीने, शब्दाला शब्द मिळवून अख्खं कडवं गायलं.

मुनीरने नीट कान देऊन ऐकलं आणि मग त्याचा शर्ट धरून अलगद खाली ओढलं.

"आवाज बरा आहे काका तुमचा," तो समजुतीने म्हणाला. "पण गेलेल्या माणसाची सर नाही. बसा आता. आम्हाला ऐकू द्या."

पुढच्या रांगेतून दोघातिघांनी तोंडावर बोट ठेवलं. तांदूळ आणलेल्या म्हातारीनेही डोळे वटारले. हार्सोनोने सगळीकडे एकदा पाहून घेतलं. एकाच्याही हातात मोबाइल नव्हता.

तो मुकाट्याने खाली बसला. गाणं संपायला अजून चार मिनिटं होती, आणि तेवढा वेळ मेलेलं राहायला त्याची काही हरकत नव्हती.