तिसऱ्या विचारण्याची वाट

“आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नकोच. तिसऱ्यांदा विचारलं, की खाली बघून बरं म्हणायचं. कळलं?”

हा माझ्या आईचा आवाज. मी सात वर्षांची, शेजारच्या काकूंच्या दारात उभी आणि दंडाला आईचा बारीकसा चिमटा. आत काकू खाऊचा डबा काढत होत्या. त्या डब्याच्या झाकणाचा आवाज मला अजून ऐकू येतो. चिमटाही अधूनमधून जाणवतो, विशेषतः थंडीत.

पुढे या विद्येत मी फार मोठी मजल मारली. माझ्या पहिल्या नकोत नुसती टकटक असायची, दुसऱ्या नकोत कडी अर्धी निघालेली असायची आणि तिसऱ्या विचारण्याला मी पापणी अशी झुकवायची की वाढणाऱ्याला वाटावं, ही घेतेय म्हणजे आपल्यावर उपकारच करतेय! अख्ख्या नात्यागोत्यात मला हरवणारं कोणी नव्हतं. एका मावशीनं प्रयत्न केला होता. सात वेळा विचारावं लागलं बिचारीला, वाढता वाढता मनगट आखडलं.

एवढी शिदोरी घेऊन मी नदीच्या गाळावर पीएचडी करायला परदेशी आले. म्हटलं, गाळाचं काय ते तिथले शिकवतील, रीतभात आपण घरूनच नेतोय.

पहिल्याच दिवशी माझ्या गाईड बाईंनी खोली दाखवली. “खिडकीजवळचं टेबल हवंय का तुला?”

“नको नको, मी कुठेही बसेन,” मी म्हणाले आणि दुसऱ्या विचारण्यासाठी चेहरा तयार ठेवला.

“छान,” बाई म्हणाल्या आणि ते टेबल माझ्याबरोबरच आलेल्या एका उंच मुलाला देऊन टाकलं.

मला मिळालं प्रिंटरशेजारचं. तो प्रिंटर दर दहा मिनिटांनी माझ्या मानेवर असा गरम उसासा टाकायचा, की जणू त्यालाच माहेर आठवतंय.

घरमालकीण म्हणाली, “आणखी एक पांघरूण देऊ?” मी म्हटलं, “नको.” ती म्हणाली, “बरं.” दार बंद. पुढचे आठ दिवस मी स्वेटरवर स्वेटर चढवून कांद्यासारखी झोपले. दुपारी जेवायला निघालेली मंडळी विचारायची, “येतेस?” मी म्हणायची, “तुम्ही व्हा पुढे.” आणि ते व्हायचे हो पुढे! सगळेच्या सगळे. मागं वळून बघायला एक मान वळेल तर शपथ.

महिन्याभरानं माझा बांध फुटला. त्या उंच मुलाचं मी मनातल्या मनात ‘उंट’ असं बारसं केलं होतं. त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

“माझं टेबल घेतलंस तू.”

“तुला नको होतं ना?”

“हवं होतं.”

“मग नको का म्हणालीस?”

“तिनं पुन्हा विचारावं म्हणून.”

उंटानं पेन खाली ठेवलं. मी त्याला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, गाळाचा नमुना तपासावा तसा.

“म्हणजे तीनदा विचारायचं?”

“निदान तीनदा.”

“आणि मधल्या वेळात तुम्ही काय करता?”

“वाट बघतो.”

“इथे एकदाच विचारतात,” तो शेवटी म्हणाला. “लोकांना कामं असतात गं.”

त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: विचारलं रे विचारलं की हो. आणि सांगते, माझ्यासारखी हो म्हणणारी त्या गावानं पाहिली नसेल. प्रश्न दारात असतानाच माझा हो अंगणात जाऊन उभा राहायचा!

आठवड्यातच गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई कँटीनमध्ये आली. विद्यार्थ्यांच्या वल्हवण्याच्या संघाची ती प्रशिक्षक. उंट त्या संघात होता आणि त्यानंच तिला माझ्याकडे बोट दाखवलं होतं.

“आमच्या नावेत बसशील?”

“हो.”

“आवाज मोठा आहे?”

“हो.”

“पोहता येतं?”

“हो.” लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहले होते. भोपळ्याचं तिनं विचारलं नाही.

“नदीची माहिती आहे?”

“हो.” तळाची तर पुरेपूर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कळलं की मी कशाला हो म्हणाले. शेंगेसारखी लांब, चिंचोळी नाव. आत आठ वल्हेकरी, आणि आठही जण पाठमोरे, म्हणजे नाव जिकडे जाते तिकडे त्यांची पाठ. नाव कुठे चाललीय हे त्यातल्या एकालाही दिसत नाही. ते दिसतं फक्त शेवटी बसलेल्या नवव्या, लहान चणीच्या माणसाला. सुकाणूच्या दोऱ्या त्याच्या हातात, हुकूम त्याच्या तोंडात. ते नववं माणूस मी.

आठ डोकी माझ्याकडे बघत होती आणि मी पाण्याकडे. आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघत होतं. शिकवलेले सगळे हुकूम पाण्यात बुडाले आणि ओठांवर आलं ते भलतंच:

“ओढा रे, सोडा रे,
पाण्याचं दार उघडा रे!”

शब्द कोणाला कळले नाहीत, पण ठेका कळला. आठ वल्ही एकदम पाण्यात, आठ एकदम वर. नाव हलली, मग सुटली, आणि माझ्या पोटातून आनंदाची अशी लाट उठली की काय सांगू! धुकं फाटत होतं, पाणी गालाला लागत होतं, नदी आपल्या मुठीत दोन दोऱ्यांनी धरलेली. महिन्याभरात आठही जण ते दोन चरण घोकायला लागले. नावेत अगदी माझ्या समोर बसणारा उंट तर प्रयोगशाळेतही गुणगुणायचा. प्रिंटरशेजारी बसून मी दिवसभर पहाटेची वाट बघायची. त्या नावेतली वीतभर जागा हे त्या अख्ख्या परमुलखातलं माझं घर झालं होतं.

आईलाही नव्या वेगानंच फोन केला. “आई, उन्हाळ्यात शर्यत आहे आमची. येतेस का इकडे?”

“नको गं, मी तिथं येऊन काय करू?”

“बरं,” मी म्हणाले आणि सरावाला पळाले. किती सुटसुटीत! पूर्वी याच बोलण्याला अर्धा तास लागला असता. त्यानंतर ती फोनवर जरा तुटक बोलायला लागली. मला वाटलं, रेंजचा घोटाळा.

शर्यतीत तीन नावा. वाटेत एक दगडी पूल, त्याला दोनच कमानी आणि एका कमानीतून एका वेळी एकच नाव जाणार. शिट्टीबाईनं दहादा बजावलं होतं, “पुलापाशी कोणाच्या बरोबरीनं आलीस, तर ‘आमची वाट’ म्हणून ओरडायचं आणि घुसायचं. विचारत बसायचं नाही. सुकाणूवाल्यानं कच खाल्ली तर जागा दुसऱ्याला द्यावी लागते मला.”

सुटलो आम्ही. कसले सुटलो, उधळलो! अर्ध्या वाटेवर आम्ही आणि दुसरी नाव अगदी नाकाला नाक; तिच्या सुकाणूवर एक लाल टोपीवाली. तिसरी नाव दोन नावांच्या अंतरानं मागं. पूल जवळ आला. आम्ही दोघी डाव्या कमानीकडे निघालेल्या. मी छाती भरून श्वास घेतला, ‘आमची वाट’ ओरडायला तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी दंडाला चिमटा बसला.

माझा हात आपोआप पुढं झाला. “तुम्ही व्हा पुढे,” मी म्हणाले.

त्यावर लाल टोपीवालीनं घुसावं की नाही? तिनंही हात पुढं केला. “छे, आधी तुम्ही.”

“अहो, असं कसं? तुम्ही जवळ आहात.”

“नाही नाही, तुम्हीच.”

आणि आम्ही दोघींनी आपापल्या नावा थांबवल्या. भर शर्यतीत! नदीच्या मधोमध अठरा माणसं, त्यातली सोळा पाठमोरी, आणि पुलाच्या दारात दोघींचा आग्रह रंगलेला.

“काय झालं?” उंट घामानं निथळत ओरडला. “पुढं काय आहे?”

“काही नाही. ती आधी जात नाहीये.”

“मग आपण जाऊ या!”

“तिनं दोनदाच म्हटलंय अजून.”

एवढ्यात तिसरी नाव उजव्या कमानीतून सळसळत निघून गेली. पुलावरचे लोक इतके हसले की एकाची टोपी माझ्या मांडीवर पडली.

काठाला लागल्यावर लाल टोपीवाली माझ्यापाशी आली. पडेल चेहऱ्यानं म्हणाली, “माझी आत्या फार कडक होती.” मी तिचा हात हातात घेतला. आणखी काही बोलायची गरजच पडली नाही.

आमचे आठ जण वल्ही खांद्यावर घेऊन उभे होते. शिट्टीबाई वही उघडून माझ्यासमोर आली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, “पुढच्या हंगामात ही जागा हवी आहे का तुला?”

वहीचं पहिलं पान डोळ्यांपुढं आलं. हो म्हणायचं होतं, जीव तोडून म्हणायचं होतं. पण त्या आठ जणांच्या हाताचे फोड दिसले.

“नको,” मी म्हणाले.

“बरं.” तिनं पेनाचं टोपण काढलं.

“थांबा,” उंट म्हणाला. “पुन्हा विचारा तिला.”

“नको म्हणाली ती.”

“ते पहिलं नको आहे. ते धरायचं नसतं.” त्यानं वल्हं खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळला. “येतेस ना नावेत?”

“नको रे. माझ्यामुळे हरलात तुम्ही.”

“हे दुसरं,” त्यानं शिट्टीबाईला समजावलं. मग बाकीच्या सात जणांकडे बघून मान हलवली आणि आठही जण एका दमात, ठेक्यात म्हणाले, “येतेस ना?”

मी खाली बघितलं. बुटांतून पाणी वाहत होतं, डोळ्यांतूनही बहुधा.

“बरं.”

शिट्टीबाईनं टोपण पुन्हा लावलं. “पुलाखाली मात्र एकदाही विचारायचं नाही,” ती म्हणाली.

ओल्या बुटांनीच मी पायऱ्यांवर बसले आणि घरी फोन लावला.

“हरलो आम्ही, आई.”

“असू दे. लागलं नाही ना कुठं?”

“नाही. पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत आहे. तू येतेस?”

“नको गं. लांब किती ते.”

“ये ना.”

“अगं, घर कोण बघेल इथलं? नकोच.”

माझ्या तोंडात ‘बरं’ अगदी तयार होतं. ते गिळलं. पलीकडे कुठल्याशा डब्याचं झाकण वाजलं.

“आई, तिसऱ्यांदा विचारतेय. येतेस?”

डब्याचं झाकण पुन्हा लागलं. यावेळी रेंज अगदी स्वच्छ होती.

“मागच्या खेपेला एकदाच विचारलंस तू,” ती म्हणाली. “मी आपली फोन हातात धरून बसले, आता विचारशील, मग विचारशील. पासपोर्ट तेव्हाच काढून ठेवलाय मी. कपाटात साड्यांच्या खाली आहे. तुझ्या बाबांनासुद्धा अजून सांगितलेलं नाही.”