नवऱ्यांच्या गळ्यातली मंगळसूत्रं

आमच्या नारायणगावच्या एमआरआय सेंटरात कधी आलात, तर बाकावर ओळीनं बसलेले मिशीवाले बाप्ये पाहून दचकू नका. प्रत्येकाच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. एक पैलवान तर बायकोची जोडवी स्वतःच्या करंगळ्यांत अडकवून बसला होता. ती निघेनात, शेवटी साबण आणावा लागला. हा सगळा कारभार निमगाव साव्याच्या दगडूतात्यांचा. हसा खुशाल. मीही हसायचो. आता ते हसणं आठवलं की मान वर होत नाही.

तात्या आमचे नोकर नव्हेत, पेशंटही नव्हेत. पण रोज पहिल्या एसटीनं येतात, दाराजवळ ठाण मांडतात आणि येईल त्याला अडवतात. "आधी सांगायचं, मंग आत घालायचं," हा त्यांचा कायदा. मी काउंटरवर. संमतीपत्र पुढे सरकवून "इथं सही करा, काही नसतं त्यात," हे मी आयुष्यात सव्वा लाख वेळा तरी म्हटलं असेल; तेवढा जप केला असता तर देव भेटला असता. भेटले तात्या.

"काय नसतं, तर दोन पानं कशापायी छापली, भाऊ? वाचा की. सही काय पळून जाती व्हय?"

मग मी वाचायचं आणि तात्यांनी ते मराठीतून मराठीत आणायचं.

"मावशी, मशीन म्हंजी लई मोठा लोहचुंबक. अंगात कुठं सळई-बिळई बसवली आसंल तर आत्ताच बोला. अंगावरचा समदा धातू काढाया लावतील, मंगळसूत्रबी. कुनाला काय झालेलं न्हाई. ते ऱ्हाईल मालकांच्या गळ्यात, आन मालक ऱ्हातील ह्या दारात. हातात रबरी फुगा देतील. घाबरं वाटलं की दाबायचा, लगीच भाईर काढत्यात."

त्यावर मशीनचा आवाज काढून दाखवायचा. तो असा, की ऐकून उसातला बिबट्या घोड नदी ओलांडून आंबेगावात पळावा. एकदा आमचा टेक्निशियन चहा टाकून धावत आला. त्याला वाटलं, मशीन आपसूकच सुरू झालं.

अशानं रांग पिंपरी पेंढारपर्यंत लागायची आणि डॉक्टर माझ्यावर ओरडायचे. एका मंगळवारी मी ठरवलं, आज तात्यांना हाकलायचंच. सगळ्यांदेखत आवाज चढवला.

"तात्या, हे सेंटर आहे, पारावरची बैठक नव्हे. तुम्हाला नेमलंय कुणी?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कुनी न्हाई, राव. आमच्या हिला हितं आणलं व्हतं. डोकं दुखायचं. घाबरंल म्हणून म्या थाप मारली, ओझरच्या गणपतीला जाऊ म्हनलं. मांडीवर नारळ घेऊन बसली व्हती. सही म्याच केली. मला आधारची झेरॉक्स आणाया धाडलं, आन हिकडं तिला म्हनले, मंगळसूत्र काढा, लवकर. का काढा, ते कुनी बोललं न्हाई. मालक दिसंना, गळा मोकळा. तिला वाटलं, मालकांनाच काय तरी झालं. अर्धा तास त्या बोगद्यात ठोकाठोकी ऐकत माझ्यासाठी रडत व्हती. फुगा हातात व्हता. कशापायी दिला, ते ठावं नव्हतं."

मला ती बाई आठवली. नारळ आठवला. "आजी, देवळात आलाय का?" असं म्हणून तो मीच बाजूला ठेवला होता आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो होतो. मंगळसूत्र स्टेपलरशेजारच्या ट्रेमध्ये टाकलं होतं.

"मंग?" बाकावरच्या एकानं विचारलं. आपोआप त्याचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला होता.

"आठ म्हयने जगली. मी गोठ्यात गेलो तरी हाक मारायची, ‘हाय का?’ मी म्हनायचो, ‘हाय गं.’"

हाकलायचं राहून गेलं. दिवसभर मी मुकाट्यानं प्रत्येकाला दोन्ही पानं वाचून दाखवत होतो. संध्याकाळी बाक रिकामा झाला, तेव्हा काउंटरमागून बाहेर आलो.

"तात्या, त्या दिवशी काउंटरवर मीच होतो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "पयल्या दिसापासून ठावं हाय. पन थाप माझी व्हती. तुमाला कंच्या तोंडानं बोलू?"

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इतक्यात आत टेक्निशियननं तपासणीसाठी मशीन रिकामंच चालवलं. ठोकाठोकी सुरू झाली. तात्या गुडघ्यावर हात देत उठले, बंद दारापाशी गेले आणि त्यावर तळवा टेकवला.

"हाय गं," ते हळूच म्हणाले. "हितंच हाय."