साडूंची दाढ आणि पोरकी खिडकी

डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना तळमजल्यावर होता आणि नवरा वरच्या मजल्यावर. तो घरात बसून एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायचा. दवाखान्याचं सॉफ्टवेअरही त्यानेच हौसेने लिहून दिलं होतं. घरचं म्हणून ते फुकट होतं, आणि फुकट म्हणून त्याला कोणीही उठसूट खाली बोलावत असे.

त्या सकाळी बोलावणं आलं तेव्हा खुर्चीत साडू बसले होते. साडूंची दाढ दुखत होती, आणि प्रोग्रामरचं दुखणं म्हणजे साडू. त्यांची कंपनी दवाखान्यांना तयार सॉफ्टवेअर विकायची. घरातल्या प्रत्येक जेवणात दुसरी पोळी पानात पडेपर्यंत त्यांचं त्याबद्दल बोलणं सुरू झालेलं असे.

"कॉम्प्युटर मेलाय," रिसेप्शनवरच्या मावशी म्हणाल्या. "मी काही केलं नाही. नुसतं दाबलं."

मावशींनी तो एकदा बंद करून चालूही केला होता. त्यात साडूंचा एक्स-रे वाचला, पण कोणती दाढ काढायची ती नोंद गेली. आपल्या सगळं लक्षात आहे असं म्हणून मावशींनी ती पुन्हा भरली आणि गाडी परत अडकली. कुठेही दाबलं तरी नुसतं 'टुंग' वाजायचं.

प्रोग्रामरने मोठी खिडकी बाजूला ओढली. मागे एक छोटी खिडकी लपून बसली होती. 'नोंद जतन करायची का?' एवढंच तिला विचारायचं होतं. या धंद्यात छोटी खिडकी उघडताना ती कोणत्या मोठ्या खिडकीची, ते सांगावं लागतं. ती मोठी म्हणजे हिची आई. मग ही आईच्या पुढ्यात उभी राहते. याने आळसाने ती जागा रिकामी सोडली होती. पोरकी खिडकी मागे जाऊन बसली, आणि तिला उत्तर मिळेपर्यंत पुढची जागची हलेना.

"होतं असं," साडू सुजलेल्या गालाने हसत म्हणाले. "शिकतोयस अजून."

डॉक्टरीणबाईंनी तिथेच निकाल लावला. संध्याकाळी भाऊजींची दाढ काढायची होती. तोवर हे सुरळीत चाललं तर ठीक, नाहीतर त्याच हाताने भाऊजींचं सॉफ्टवेअर बसवायचं. पुढची सगळी जेवणं प्रोग्रामरच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

नीट शोधून दुरुस्ती करायची तर अर्धा दिवस लागला असता. त्याने जुगाड केला. छोट्या खिडकीने कायम सगळ्यांच्या वर राहायचं, असा हुकूम सोडला. आता लपेल कशी, म्हणत तो जेवायला बसला.

खिडकी लपली नाहीच. ती सगळ्यांच्या बोकांडी बसली. दुपारी मावशी एकीकडे रुग्णांच्या वेळा लावत कॉम्प्युटरवरच सुनेशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या, तेवढ्यात ती बरोबर सुनेच्या तोंडावर उघडली. 'कायमचं काढून टाकायचं का? हो / नाही.' मावशी त्या प्रश्नाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी 'हो' दाबलं. सून होती तशीच राहिली आणि दुपारच्या सगळ्या रुग्णांच्या वेळा उडाल्या. तासाभरात बाहेरच्या बाकावर तीन माणसं आपला नंबर पहिला म्हणून भांडत होती.

डॉक्टरीणबाई जिन्याच्या तळाशी येऊन उभ्या राहिल्या. "मी भाऊजींना सांगितलंय, येताना तुमचं सॉफ्टवेअर घेऊन या म्हणून," त्या शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्याने आळस झटकला आणि प्रत्येक छोट्या खिडकीला आई दिली. फक्त घाईत एक गफलत झाली. एकीला नोंदींच्या खिडकीऐवजी एक्स-रेची खिडकी आई म्हणून मिळाली. नोंदी मावशींच्या टेबलावर दिसायच्या. एक्स-रे मात्र रुग्णाच्या खुर्चीसमोर, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचा.

संध्याकाळी साडू लॅपटॉपची बॅग घेऊन आले आणि खुर्चीत आडवे झाले. इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, जीभ ओंडक्यासारखी पडली. डॉक्टरीणबाईंनी चिमटा उचलला. तिकडे मावशींनी टेबलावर बटण दाबलं आणि भिंतीवरच्या एक्स-रेत साडूंच्या जबड्यावर हातभर खिडकी उघडली.

'डावीकडची खालची शेवटची दाढ काढायची. तुम्हाला खात्री आहे का?'

साडूंनी वाचलं. त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी दोन्ही हात हलवले, पाय झाडले, डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं आणि बोटाने शेवटच्या दाढेच्या अलीकडची दाढ दाखवली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पुन्हा पाहिला. किडलेली दाढ अलीकडचीच होती. मावशींच्या लक्षात होतं ते सगळं बरोबर होतं, फक्त दाढ शेजारची होती.

"माझ्या लक्षात आलंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिमटा त्यांच्या हातात असल्यामुळे कोणी काही बोललं नाही.

बरोबर दाढ निघाली. प्रोग्रामर मान खाली घालून जिना उतरला, तर बायको त्याच्याकडे लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर प्रथमच कौतुकाने बघत होती.

"काढायच्या आधी पेशंटलाच विचारायचं, हे तुला सुचलं कसं रे?" ती म्हणाली. "ती खिडकी आता तिथून हलवायची नाही."

खुर्चीत साडू ताडकन उठून बसले. ते याच धंद्यातले, त्यांनी चूक बरोबर ओळखली होती. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर, तरी ते पडद्याकडे बोट करून जीव तोडून सांगू लागले, की हे कसलं सुचणं, गाढवाने चुकीची आई दिली आहे, आणि माझी नोंद गेली तीही याच्याच पायी. बाहेर आला तो नुसता लाळेचा गुरगुराट.

"भाऊजी काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला विचारलं.

प्रोग्रामरने साडूंचं बोलणं शेवटपर्यंत अदबीने ऐकून घेतलं.

"म्हणतायत," तो म्हणाला, "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही."